भिंतीकडचा वाफा

अक्का,

तुमचा मुळ्याचा वाफा आता शेजारच्या खड्ड्यात आहे. भिंतीसकट गेला. मागच्या पडवीत उभं राहिलं की जिथं तुमची वाकलेली पाठ दिसायची, तिथं आता काहीच आडवं येत नाही. नजर थेट खड्ड्यापलीकडच्या लोखंडी सळयांवर जाते. कडेला पिवळी पट्टी बांधून गेलेत. ती एका टोकानं सुटलीय आणि वाऱ्यावर फडफडत असते. तुमची रेणू म्हणते, "काकू, तिकडं बघू नका." पण ओट्यासमोरची खिडकी तिकडंच उघडते. चहा ठेवायचा तरी तिकडं तोंड करावं लागतं.

काल तुमचं तेरावं झालं. उदगीरकडची तुमची सगळी माणसं आली होती. दादा गेल्यावर तुम्ही लेकीला एकटीनं कसं मोठं केलं, किती सोसलं, सगळे बोलले. मी पंगतीत वाढत होते. आपल्या दोघींबद्दल कोणी काही विचारलं नाही. एका घरात, एका मोरीवर तीस वर्षं भांडलेल्या जावांना कोण काय विचारणार? म्हणून आज सामान बांधता बांधता तुमच्याशीच बोलायला बसलेय. रेणू गाडी घेऊन यायची आहे, तोवर.

मी पुण्याहून लग्न होऊन इथं नारायणगुड्यात आले, तेव्हा तुम्ही मला घराच्या आधी मागचं अंगण दाखवलंत. "मुळा काढता येतो का?" हा तुमचा मला पहिला प्रश्न. मी नवी साडी सावरत पाला धरला आणि जोरात ओढला. पाला हातात आला, मुळा जमिनीतच राहिला. वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही हसलात. "आगं इद्या, पुण्यात काय दुकानातच उगवतात का मुळे?" मग बुडाशी तांब्याभर पाणी ओतलंत, जरा थांबलात, आणि बोटं मातीत घालून, किंचित फिरवून, अख्खा मुळा वर काढून माझ्या हातावर ठेवलात. "वढायचं नस्तं. सोडवून घ्यायचं." 'विद्या' हे माझं नाव तुमच्या तोंडून कधी नीट आलं नाही. सुरुवातीला फार राग यायचा. आता इद्या म्हणणारं घरात कोणी उरलं नाही.

तुमच्यासारखा मुळा मी दुसरीकडं कुठं खाल्ला नाही. हेही मी तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं. सरळ, पांढरा, मनगटाहून जरा बारीक. चावला की आधी पाणी सुटायचं आणि तिखट अगदी शेवटी कळायचं. तुमची शिस्तच तशी होती. दसरा झाला की वाफा कोपरभर खोल खणायचा. खडे, विटांचे तुकडे, काचा, सगळं चाळून बाहेर काढायचं, कारण खाली काही आडवं आलं की मुळ्याला फाटे फुटतात. शेणखत ताजं चालायचं नाही. गेल्या वर्षीचं, वास मेलेलं, चहापत्तीसारखं झालेलंच हवं. बी अफझलगंजच्या बाजारातून. तिथल्या दुकानदाराला तुम्ही पुडी परत करायच्यात, "ये पिछले साल का है, नक्को," आणि तो हात जोडून आतली पुडी काढायचा. रोपांची दाटी काढली की त्या कोवळ्या पाल्याची पीठ पेरून भाजी करायची ती मी. पाणी रोज, थोडं, सारखं. मुळ्यानं मातीबाहेर खांदा काढला की ठेवायचा नाही. अजून वाढू दे म्हटलं की आतून पोकळ होतो.

आणि वाफा भिंतीकडंच. आपल्या अंगणात दुसरीकडं कुठंही कुदळ मारली तर वीतभर खाली खडक वाजतो. फक्त मागच्या भिंतीच्या कडेला माती खोल आहे, हे दादांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पहार घालून घालून शोधलं होतं. ते गेल्यावर तुम्ही त्यांचं कपाट रिकामं केलंत, खाट देऊन टाकलीत. वाफा मात्र एक वर्ष मोकळा राहू दिला नाहीत.

गणपती उठले आणि शेजारच्यांचं घर पाडायला घेतलं. ते अमेरिकेतल्या मुलाकडं गेले, जागा बिल्डरला दिली. घर आठवड्याभरात गेलं. मग खड्डा सुरू झाला. दोन मजली पार्किंग जमिनीखाली करायचं आहे, असं कळलं. खडक फोडणारं मशीन सकाळी सुरू झालं की आपल्या मांडणीवरच्या वाट्या एकमेकींवर किणकिणायच्या. देवघरातली समई जागची सरकायची. मी रोज ती मागं ढकलून ठेवायचे आणि रोज ती पुढं आलेली असायची. तुम्ही मात्र नेमानं दसऱ्यानंतर वाफा खणलात, चाळलात, बी टाकलंत. पलीकडं ते खणत होते, अलीकडं तुम्ही, मध्ये ती जुनी दगडी भिंत.

पहिल्यांदा खटकलं ते तुम्हालाच. तुम्ही सकाळी वाफा भिजवायच्यात आणि दुपारपर्यंत माती पांढरी पडायची. तुम्ही संध्याकाळी पुन्हा पाणी घालायला लागलात. तरी तेच. एकदा तुम्ही नळी वाफ्यात सोडून कडेला बसून राहिलात. मी कपडे काढायला आले तर म्हणालात, "इद्या, हितं ये. बघ की. किती बी घाल, वर साचंना. कुठं जायलंय पाणी?" मी वाकून पाहिलं. पाणी नळीतून पडत होतं आणि पडल्या जागी नाहीसं होत होतं. चुळुकसुद्धा वाजत नव्हतं.

मुळे तिखट निघायला लागले. ह्यांना तुमचा मुळा म्हणजे जीव की प्राण, पण त्यांनीही पानातली कोशिंबीर बाजूला सारली. तुम्हाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही भिंतीलगतच्या ओळीतला एक मुळा नेहमीसारखा पाणी घालून, फिरवून काढलात. वर अर्धाच आला. खालचा अर्धा जमिनीतच तुटलेला. तुम्ही दुसरा काढलात, तोही तसाच. तुटलेली जागा जुनी होती, तपकिरी पडलेली. आपण काढताना तुटला नव्हता तो. आधीच जमिनीत केव्हातरी तुटला होता. तुम्ही दोन्ही मुळे एकमेकांशेजारी धरून पाहिलेत. मी विचारलं, "उंदीर असेल का, अक्का?" तुम्ही मान हलवलीत, पण कशाला हलवलीत ते मला कळलं नाही.

मग भेग दिसली. भिंतीला समांतर, त्या ओळीतूनच गेलेली. आधी बोट जाईल एवढी, मग हात जाईल एवढी. भेगेच्या एका अंगानं मुळे उघडे पडले होते, पांढरे, पोकळीत लोंबणारे. मी आत हात घातला तर आतून गार हवा आली. मी घाबरून हात काढला. तुम्ही चाळलेली माती आणून भेग भरलीत, वरून थोपटलीत, पाणी घातलंत. सकाळी माती नव्हती. पुन्हा भरलीत. पुन्हा नव्हती. "जमीन खायलीय माय," तुम्ही पुटपुटलात.

आणि त्याच दुपारी तुम्ही शेजारच्या सुपरवायझरला भिंतीवरून हाक मारलीत. मी पडवीत तांदूळ निवडत होते. तो पिवळं हेल्मेट घातलेला माणूस खालून वर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तुम्ही त्याला सुनावलंत, "मेरी मूली मीठी होती थी. तुम्हारे गड्ढे ने सारा पानी पी लिया." तो हसला. "अम्मा, मूली का मैं क्या करूं?" मग तुम्ही त्याला भेग दाखवलीत. तो हसायचा थांबला. भेगेकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, खाली खड्ड्यात पाहिलं. म्हणाला, "पुरानी दीवार है, पत्थर की है. कुछ नै होता." तुम्ही त्याला दोन मुळे दिलेत. तो घेऊन निघाला, आणि जाता जाता वळून म्हणाला, "मगर अम्मा, इधर जास्ती बैठो नक्को."

तुम्ही माझ्याकडं पाहून म्हणालात, "बैठो नक्को मनं! मुळे काय उभ्यानं निंदायचे?" मी हसले नाही. त्याच्या तोंडचं ते वाक्य मला त्या दिवसापासून ऐकू येतं आहे.

ह्यांनी महापालिकेत तक्रार दिली. एक माणूस आला, फोटो काढून गेला. मी तुम्हाला म्हटलं की वाफा हलवू या. पुढच्या अंगणात करू, नाहीतर गच्चीत मोठ्या पिशव्या आणून त्यात लावू. तुम्ही म्हणालात, पिशवीतला मुळा अंगठ्याएवढा येतो. मी म्हटलं, येऊ दे अंगठ्याएवढा. तुम्ही म्हणालात, पुढं खडक आहे. मी म्हटलं, वर माती टाकू. हे रोजचं झालं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. शेवटी एका दुपारी स्वयंपाकघरात तुम्ही चटक्यासाठी, त्या तुमच्याकडच्या डाळीच्या चटणीसाठी, भिजलेली डाळ वाटत होतात आणि मी पुन्हा तेच काढलं. तुम्ही वरवंटा थांबवलात.

"खरं सांग इद्या. त्या बिल्डरला आपली जागा बी पाहिजे. तो भावजींना दोनदा भेटून गेलाय. तुला विकायचंय, मनून तुला भिंत वाकडी दिसायली."

अक्का, हे घर मलाही विकायचं नव्हतं. ह्यांचं मन डळमळत होतं हे खरं, माझं नव्हतं. ते मी तेव्हा म्हणाले नाही. मी एवढंच म्हणाले, "बरं. आजपासून मी त्या भिंतीचं नाव काढणार नाही." आणि नाही काढलं. आपण जेवलो, भांडी घासली, संध्याकाळी एकत्र मालिका पाहिली. भिंत सोडून सगळं बोललो. तुम्ही मला त्या वाक्यानं गप्प केलंत याचा राग मला अजून आहे. तुम्ही नसताना रागवायचं कुणावर, ते मात्र कळत नाही.

मग अवेळी पाऊस आला. समुद्रात वादळ आहे, असं बातम्यांत सांगत होते. दोन दिवस झड लागली. खड्ड्यात पाणी साचलं, त्यांनी पंप लावले. पंपांचा आवाज आणि पावसाचा आवाज, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तुम्ही पडवीत खुर्ची टाकून वाफ्याकडं पाहत बसायच्यात. मी चहा आणून दिला. तुम्ही कप घेतलात आणि म्हणालात, "आता गोड होतील बघ. वरचं पानी पडलंय." तुमचा चेहरा निवळला होता. मी भिंतीकडं पाहिलं. भिजून ती काळी झाली होती आणि तिच्या बुडातून बारीक धार येत होती, मातीच्या रंगाची. मी बोलले नाही. तुम्हीही ती धार पाहिली होतीत. मला नक्की माहीत आहे, कारण तुम्ही कप तसाच हातात धरून बराच वेळ तिकडंच पाहत होतात.

तिसऱ्या सकाळी लख्ख ऊन पडलं. पंप बंद झाले होते. मशीन अजून सुरू झालं नव्हतं. इतकी शांतता कित्येक दिवसांत झाली नव्हती. मांडणीवर एक वाटी हलत नव्हती. तुम्ही चहा पिऊन उठलात, पदर खोचलात, म्हणालात, "आज जागा मोकळी करते." मला वाटलं, पाला-कचरा काढणार असाल. मी "बरं" म्हटलं आणि कुकर लावायला आत गेले.

आवाज मोठा नव्हता. लोक मला विचारतात, केवढा आवाज झाला असेल? नाही झाला. ट्रकमधून वाळू ओततात तसा, लांबलचक. खिडकीतून धूळ आत आली, उन्हात पिवळी. मी मागच्या दारात आले तर भिंत नव्हती. मी तुम्हाला हाक मारली. नंतर ह्यांनी सांगितलं की मी "अक्का" म्हणत नव्हते, नुसतंच ओरडत होते.

तुम्हाला वर काढायला दुपार झाली. खालच्या मजुरांनीच काढलं, हातांनी दगड उचलून. डॉक्टर म्हणाले की तुम्हाला काही कळलं नसेल. मी त्यांना पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले आणि ते पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले.

संध्याकाळी घरात माणसं भरलेली असताना मी हात धुवायला मागच्या नळावर गेले. नळ भिंतीपासून लांब, पायरीशी. तिथं तुमची पाटी होती, मुळ्यांनी शिगोशीग भरलेली. शेजारी फरशीवर आणखी ढीग. लहान, मोठे, न वाढलेलेसुद्धा, पाल्यासकट. तुम्ही खांदा न काढलेला मुळा कधी हात लावून उपटला नव्हतात. मला काही उमजेना. रेणू माझ्या मागं येऊन उभी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "काकू, आई तिथं करत काय होती?"

"मुळे काढत होत्या."

"सगळे?"

तेव्हा हे पायरीवर येऊन बसले. खाली मान घालून म्हणाले, "वहिनींनी मला परवाच सांगितलं होतं. चार गोणी माती आणा म्हणाल्या. पुढच्या अंगणात टाकायची आहे. पाऊस थांबला की आणू म्हटलं." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "तुला सांगू नका म्हणाल्या होत्या. इद्या लई भाव खाईल म्हणाल्या."

अक्का, तुम्ही ऐकलं होतंत तर. सगळं ऐकलं होतंत आणि मनात ठरवलंही होतंत. माझ्यापुढं हरल्याचं दाखवायचं नव्हतं, एवढंच. नळाशी एकेक ओळ आणून ठेवत होतात. भिंतीलगतची शेवटची ओळ राहिली होती. अर्धे तुटलेले, तिखट, टाकून द्यायचे मुळे होते ते. ते कशाला काढायला गेलात? मला ठाऊक आहे कशाला. आपण लावलेलं तसंच टाकून जायचं नाही, हा तुमचा स्वभाव. त्या स्वभावावर मी तीस वर्षं वैतागले आणि त्याच स्वभावानं तुम्ही माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्रंदिवस माझ्या उशाशी बसलात. एकाच बाईतून एक घ्यायचं आणि एक सोडायचं, असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या शेजारणीनं आमच्यासाठी भाकरी पाठवली. सोबत काही नव्हतं. रेणू उठली, पाटीतला एक मुळा धुतला, चार फोडी केल्या आणि मुकाट्यानं सगळ्यांच्या पानात ठेवल्या. सुतकात असं करतात की नाही ते कोणी विचारलं नाही. मी फोड तोंडात घातली. गोड होता, अक्का. रसाळ, जुन्या वर्षांसारखा. पावसानं तुमचं म्हणणं खरं केलं होतं. ज्या पाण्यानं भिंत गेली, त्याच पाण्यानं मुळे सुधारले होते. रेणूनं तोंडातली फोड गिळली आणि म्हणाली, "आईनं खाल्ला असता, तर खूश झाली असती."

तुमच्यानंतर काम थांबवलंय. चौकशी चालू आहे, म्हणतात. कोणाला धरलं, कोण सुटलं, ते ह्यांनाच नीट कळत नाही. भेग मात्र थांबली नाही. वाफ्याच्या जागेपासून अंगणात आली, अंगणातून पडवीत. पडवीच्या फरश्या एका रेषेत उचलल्या गेल्यात. आता ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आहे. मी तिच्यावर पीठ भुरभुरून ठेवते. सकाळी पीठ आत गेलेलं असतं. घर रिकामं करा, असं सांगून गेलेत. आम्ही रेणूकडं कुकटपल्लीला चाललोय, पाचव्या मजल्यावर. तिथं माती नाही. ह्यांनी बिल्डरला अजून काही कबूल केलेलं नाही. मी करू देणार नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं. त्या दुपारी वरवंटा थांबवून तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर हे होतं.

बाहेर हॉर्न वाजला. रेणू आली वाटतं. देव बांधले, गॅस बंद केला, पुढच्या खोल्यांच्या खिडक्या लावल्या. आत्ता मागचं दार लावायला गेले होते. कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही. मी दार उचलून पाहिलं, खांद्यानं रेटून पाहिलं. चौकट एका बाजूनं खचलीय. ह्यांना हाक मारली, त्यांनीही रेटलं. नाही लागत. तसंच उघडं टाकून निघतोय, अक्का.

काल रात्री लागत होतं.